कुरळे केस आणि पाहुण्यांचा टॉवेल

मी माझ्या डोक्याला इस्त्री केली होती, ही गोष्ट आजवर मी कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. (लग्नानंतर तिला माझ्या कानावरचा भाजल्याचा डाग दिसला, तेव्हा मी "दिवाळीत फटाका लागला" असं सांगितलं. कानाशी फटाका घेऊन मी काय ऐकत होतो, असं तिने विचारलं नाही, हे तिचे उपकार.)

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं सावदा. घरामागे केळी, घरापुढे केळी, बैठकीत बोलणं तेही केळीचंच. साल नव्वदच्या आसपासचं. मी वीस वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यावर जे उगवत होतं त्याला केस म्हणायची गावात पद्धत नव्हती. कंगवा आत घातला की मूठ हातात यायची आणि दात आत राहायचे! एकदा वडील, म्हणजे नाना, मला न्हाव्याकडे घेऊन गेले, तर तो कात्री हातात धरून नुसता बघत राहिला.

"नाना, याले कापू का लोकर काढू?"

"काय निघंल ते काढ," नाना म्हणाले.

माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी माझी बहीण, अक्का. तिचे केस मात्र सरळ, कमरेपर्यंत. देवाने वाटणीत एवढा पक्षपात केलेला मी दुसरा पाहिला नाही. अक्काला सहा ठिकाणचे पाहुणे बघून गेले होते. तिचं कॉलेज पहिल्याच वर्षानंतर घरच्यांनी बंद केलं होतं, आणि त्यावर ती एका शब्दाने बोलली नव्हती. मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा हायस्कुलात मास्तर. त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'लग्नानंतर मुलीने बी.ए. पूर्ण करावं, परीक्षेचा फॉर्म मी स्वतः भरीन.' ते पत्र अक्काने इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटला.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी तिने मला परसात गाठलं.

"भाऊ, आज जरा नीट राह्यजो. मले हे ठिकान पाह्यजे."

आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी मागितलं होतं. मी मान डोलावली. आणि नीट राहायचं म्हणजे काय, याचा विचार करत आरशासमोर गेलो. तिथेच सगळं बिघडलं!

आता खरं सांगायचं तर त्यात अक्काचा विचार चार आणेच होता. मास्तरांच्या घरच्यांचा एक फोटो आला होता. त्यात उजव्या कोपऱ्यात त्यांची धाकटी बहीण उभी होती. बाकी सगळे फोटोत अक्काचा होणारा नवरा बघत होते. मी कोपरा बघत होतो. धुळ्याची मुलगी, कॉलेजात जाणारी, ती माझ्या डोक्याकडे बघून काय म्हणेल? केस सरळ झालेच पाहिजेत! आणि ते दुपारच्या जेवणाच्या आत!

घरात कोळशाची इस्त्री होती. नानांच्या धोतराच्या कडक घड्या तिनेच पडायच्या, मग केसांनी काय घोडं मारलं होतं? मी खोलीचं दार लावलं, जमिनीवर आडवा झालो, डोकं पाटावर ठेवलं, केसांवर ओला वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि इस्त्री फिरवली. स्वतःच्या डोक्याला स्वतः इस्त्री करणाऱ्याची मुख्य अडचण अशी, की डोकं दिसत नाही. कपाळावरची बट सरळ झाली, हे कळलं. पुढे कान भाजला, हेही कळलं! तोंडात कागद कोंबून मी ओरडलो.

बाहेरून आई: "काय जयतंय रे?" (आमच्या भागात 'ळ' कोणी उच्चारत नाही. जन्मभर केळी पिकवतात आणि म्हणतात 'केयी'!)

"काही नाही! सदरा!"

"केसाचा वास येतो."

"लोकरीचा सदरा!"

आमच्या घरात लोकरीचा सदरा कोणाकडेच नव्हता. पण पाहुण्यांच्या गडबडीत आईला तेवढी सवड कुठली!

आरशात पाहिलं. पुढची बट सपाट, ताठ आणि तांबूस झाली होती. मागे सगळं पहिल्यासारखंच. पुढून धुळे, मागून सावदा! यापेक्षा आधीचं बरं होतं, पण मागे फिरायला रस्ता उरला नव्हता.

तेवढ्यात आईची हाक आली, "जेवायले पानं कापून आन, आन कपड्याले चीक लागू देऊ नको!"

चीक म्हणजे केळीचं पान कापलं की देठातून गळतो तो रस. ताजा असताना पाण्यासारखा दिसतो, पण घट्ट, चिकट. तासाभराने त्याला रंग चढतो, आणि तो काळपट तपकिरी डाग मग कोणत्याही साबणाला दाद देत नाही. केळीवाल्या माणसाचे मळ्यातले कपडे वेगळे असतात ते यासाठीच. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. तरीही विळा हातात धरून, टपटप गळणाऱ्या देठाकडे बघत, मी जो विचार केला तो सावद्याबाहेरचा माणूस करूच शकला नसता. चिकट आहे, म्हणजे केस बसतील. डाग पडतो, तर पडू दे. केस काळेच आहेत, काळ्यावर डाग पडून पडून किती पडणार?

मी वाटीभर चीक जमवला आणि डोक्याला चोपडला.

आणि काय सांगू! बसले! एकेक केस आज्ञेत, भांग सरळ रेषेत, डोकं कसं पॉलिश केल्यासारखं. आयुष्यातली ती दहा मिनिटं मी देखणा होतो. अकराव्या मिनिटाला खाज सुटली. मग चीक कपाळावर, मानेवर, भाजलेल्या कानावर उतरला. कान पेटला! मी मोरीत धावलो, दोन तांबे डोक्यावर ओतले आणि डोळे मिटूनच खुंटीवरचा टॉवेल ओढला. खसाखसा पुसलं. डोळे उघडले तेव्हा कळलं, की हा खास पाहुण्यांचा टॉवेल. पांढराशुभ्र, अक्काने दोनदा धुऊन, नीळ घालून ठेवलेला. नीट बघितला. नुसता ओला दिसत होता. झटकला आणि परत खुंटीवर टाकला.

"पाहुणे आले!" बाहेरून नानांचा आवाज.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी हातपाय धुवायला पाणी, आणि टॉवेल घेऊन उभं राहायचं ते घरातल्या मुलाने. मी उभा राहिलो. मास्तरांचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी पांढरी टोपी काढली, तुळतुळीत डोकं पुसलं, टोपी घातली. मास्तरांनी तोंड पुसलं. त्यांच्या आईंनी हात पुसले आणि पदर सारखा केला.

"आणि... ताई नाही आल्या?" मी मास्तरांना हळूच विचारलं.

"कोण? धाकटी? तिची परीक्षा आहे."

म्हणजे जिच्यासाठी डोक्याचं हे सगळं केलं, ती धुळ्यालाच होती!

मी आत आलो आणि आरशात बघितलं. कपाळावर तपकिरी पट्टा उमटू लागला होता, दारावर गेरूचा ओढतात तसा. मी डोक्याला रुमाल बांधला. आणि मग एकदम टॉवेल आठवला. परत खुंटीकडे धावलो. टॉवेलवर माझ्या डोक्याचा नकाशा उमटत होता. मधोमध एक कान!

तो मी गुंडाळून लाकडांमागे खुपसला. पण पाहुण्यांना कुठे खुपसणार?

बैठकीत भरीत, कळण्याची भाकरी, केळीची पानं. सगळे खुशीत. अक्का वाढत होती.

"रुमाल कशाला बांधला?" नानांनी विचारलं.

"डोकं दुखतंय."

"मगाशी तर चांगला होता."

"आता दुखतंय!"

मी भिंतीला टेकून एकेकाकडे बघत होतो. आबांच्या टोपीच्या कडेवर एक रेघ वर चढत होती. मास्तरांच्या सफाचट ओठावर मिशी फुटत होती! त्यांच्या आईंच्या मोतिया पदरावर पाच बोटं आधी फिकट, मग ठळक, मग मोजता येतील इतकी. आणि मास्तर अक्काला विचारत होते, "परीक्षेला कोणते विषय घ्याल?" आणि अक्का, जी सहा पाहुण्यांपुढे मान वर करून बोलली नव्हती, ती त्यांच्याकडे बघून उत्तर देत होती. (मिशी तिलाही दिसली असणार. तिला वाटलं असेल, आधीपासूनच आहे.)

जेवण झालं. आबांनी डोकं खाजवायला टोपी काढली.

"हाई काय शे?"

सगळ्यांनी बघितलं. मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मास्तरांच्या आईंनी पदर पुढे ओढला आणि किंचाळल्या, "अरे देवा, बठ्ठा पदर खराब व्हई गया!" (धुळ्याकडच्या अहिराणीत 'बठ्ठा' म्हणजे सगळा.)

नानांनी एका नजरेत ओळखलं. "चीक! घरात चीक कोनी आनला?"

"आम्ही हात पुसले ते तुमच्या टॉवेलला," मास्तरांच्या आई आता एकेक शब्द ठेवून बोलू लागल्या. "तो धुतला कोणी?"

अक्का हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"मी," ती म्हणाली.

"पोरीनं पानं पुसली असतील, तेच हात लागले असतील," आई सावरायला गेली आणि अक्काला आणखी खोल ढकलून आली.

तेवढ्यात मास्तरांनी भिंतीवरच्या आरशात बघितलं आणि हसले. "बरं झालं, मला मिशी येतच नव्हती!"

सगळे कोणीतरी दुसऱ्याने हसायची वाट बघत होते. ती वेळ होती. मी रुमाल सोडला असता, तर कपाळावरचा पट्टा, तांबूस बट आणि भाजलेला कान बघून आबांपासून सगळे गडाबडा लोळले असते. मास्तरांच्या आईसुद्धा! माझा हात गाठीपर्यंत गेला. खरंच गेला. पण मनात आलं, ही गोष्ट संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला जाणार, आणि फोटोतली ती उजव्या कोपऱ्यातून खो खो हसणार.

मी नुसता कान खाजवला आणि हात खाली घेतला.

आठ दिवसांनी पत्र आलं. या खेपेला अक्षर मास्तरांचं नव्हतं. 'मुलगी चांगली आहे, पण घरकामात लक्ष कमी वाटलं.' अक्काने ते एकदाच वाचलं आणि धुणं घेऊन मोरीत गेली. नानांनी तिला बोल लावले, आईने लावले. मी महिनाभर रुमाल बांधून फिरलो. डाग कातडीबरोबर गेला.

दोन वर्षांनी अक्काचं लग्न झालं, तेव्हाच्या एदलाबादेत, म्हणजे आत्ताच्या मुक्ताईनगरात. भाऊजी देवमाणूस, किराणा दुकान, दोन मुलं. बी.ए. राहिलं ते राहिलंच. फोटोतल्या मुलीला मी कधीच पाहिलं नाही. आणि ज्या केसांपायी हे घडलं, ते चाळिशीच्या आत सरळ, वाकडे सगळेच निघून गेले.

गेल्या राखीला अक्का आली होती. नातवाचं झबलं घडी करता करता सहज म्हणाली, "भाऊ, तो टॉवेल मी दोनदा धुतला होता रे. नियीत काढला होता. मले आजपोत समजलं नाही, चीक आला कुठून?"

तीस वर्षं ती विचारच करतेय!

मी म्हणालो, "साबण खराब असंल."

ती म्हणाली, "असंल."

म्हणून हे लिहायला बसलो. सावद्याहून मुक्ताईनगर एसटीने तासाभराचा रस्ता, पण तेवढं जाऊन सांगायची छाती होत नाही, म्हणून आधी अख्ख्या महाराष्ट्राला सांगून बघतोय! अक्काला सांगायचं मात्र अजून बाकीच आहे: टॉवेल तू स्वच्छच धुतला होतास, त्याला डोकं मी पुसलं होतं. एवढं मी तिला देणं लागतो.