जॅमच्या बाटलीतली अळी

लिहितो लिहितो म्हणत आठवडा घालवला, आणि आज लिहायला बसलो तर दाखवायला काही उरलंच नाही.

सध्या जपानात, उरायासूला दादाकडे राहतोय. गेल्या आठवड्यात नोकरी शोधायला बाहेर पडलो आणि बागेतच अडकलो. एका पानावर पांढरी नागमोडी रेघ होती. पानाच्या आत राहून पान पोखरणारी अळी! पुढे तिचा इवलासा पतंग होतो. आपल्या या कीटकप्रेमींच्या ग्रुपवरच्या ताई म्हणाल्या, "दुर्मिळ जात वाटतेय, पण नुसत्या फोटोवर नोंद होत नाही. पतंग बाहेर येऊ दे." म्हणून पान जॅमच्या बाटलीत जपून ठेवलं.

आज सकाळी बाटली गायब.

"वहिनी, माझी अळी?"

"शी! जळाऊ कचऱ्यात टाकली. आज त्याचाच वार ना."

"बाटलीसकट? काच जळते का?"

"मग झाकण उघडून त्या अळीला हात कोण लावणार? तू तर घोरत होतास!"

खाली धावलो, तर गाडी येऊन गेलेली, एकही पिशवी नाही. आता तशी अळी कुठून आणू? घरच्यांना हे सगळं कसं समजावता हो तुम्ही?

थांबा, बेल वाजली. दारात बिल्डिंगचे केअरटेकर आजोबा आहेत, भयंकर चिडलेले. हातात आमची कचऱ्याची पिशवी! आत काच दिसली म्हणून गाडीवाल्यांनी घेतलीच नाही.