शीटमधली जोतिबाची ओळ

१९९९ सालच्या जूनमधला दुसरा सोमवार, दुपारचे साडेचार. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर आम्ही चौघं होतो: माझे वडील अण्णा, आई, धाकटा भाऊ शीतल आणि मी. अण्णांनी माझ्या हातात आठशे रुपये ठेवले आणि समोर मोजायला लावले. पुण्याची गाडी पाचची होती, साडेपाच झाले तरी लागली नव्हती. अण्णा सारखे वर बघत होते. मला वाटलं, पावसाचा अंदाज घेतायत. मग म्हणाले, "चाक लावून आलोय मशीनवर. उन्हं हायत तवर उतरलं पायजे. जाऊ मी?" आणि खरंच गेले. गाव सोडून मी निघालो होतो, पण पाठ आधी त्यांची दिसली.

उद्यमनगरात आमची एक पत्र्याची शेड होती आणि तिच्यात गिअरचे दात पाडायचं एक मशीन. घर मंगळवार पेठेत, दोन खोल्यांचं. आम्ही जैन, घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही. अण्णांनी तोच नियम मशीनला लावला होता. दात पाडताना मशीन मध्येच थांबवलं तर थांबल्या जागी दातावर बारीक रेघ राहते. म्हणून दिवस मावळायच्या आत जे चाक पुरं होणार नाही, ते चढवायचंच नाही. शेडमध्ये वीज होती, दिवे होते, शेजारपाजारची मशीनं रात्रपाळीला चालत होती. कुणी विचारलं तर अण्णा म्हणायचे, "मी जेवून झोपणार, अन् ते रातभर उपाशी राबणार व्हय?"

त्यांचा दुसरा नियम जोडीचा. एकमेकांत फिरणाऱ्या दोन चाकांच्या दातांच्या संख्यांना एकाच आकड्यानं भाग जाता कामा नये. वीस आणि चाळीस नाही, वीस आणि एकेचाळीस. म्हणजे तेच तेच दात एकमेकांना घासत नाहीत, झीज सगळीकडे सारखी होते. "ह्याचा दात समोरच्या सगळ्यांस्नी भेटून आला पायजे, मगच पयल्याला परत भेटंल," असं ते समजावून सांगायचे. मी आणि शीतल ते पाढ्यांसारखं शिकलो.

पिंपरीतल्या गाड्यांच्या कंपनीत मला गिअरच्या विभागात घेतलं ते बहुधा या पाढ्यांमुळेच. तिथे मशीन नव्हतं, कॉम्प्युटर होता आणि त्यावर स्प्रेडशीट. एका सेलमध्ये इंजिनाच्या फेऱ्या, दुसऱ्यात गिअरचा रेश्यो, तिसऱ्यात मागच्या गिअरचा, चौथ्यात टायरचा परीघ. मिनिटाला सहा हजार फेऱ्या, तिसरा गिअर १.२८, मागचा ४.१, परीघ पावणेदोन मीटर: गाडी ताशी एकशेवीसनं जाणार. एक आकडा बदलला की खालचे सगळे आपोआप बदलायचे. अण्णा जे दोन दिवस कागदावर करायचे ते चहा निवायच्या आत व्हायचं.

कंपनीच्या शीटमध्ये चढाची एक ओळ असायची: एवढं वजन, एवढा चढ, पहिल्या गिअरवर गाडी उचलते की नाही. माझ्या स्वतःच्या कॉपीत मी त्याखाली आणखी एक ओळ घातली आणि तिला नाव दिलं 'जोतिबा'. त्या काळी आमच्या शेडचं पोट वडापवर होतं. माणशी भाडं घेऊन जीप गच्च भरून पळवणारे ते वडापवाले पंधरा-सोळा माणसं कोंबून जोतिबाचा घाट चढायचे आणि पहिला गिअर खाऊन आमच्याकडे यायचे. कंपनीत येणारी प्रत्येक नवी गाडी मी कुणाला न सांगता त्या ओळीतून चढवून बघत असे. सेल हिरवा झाला की वर पोचली, लाल झाला की मध्येच बसली. माझ्यासारखे जे निघून आले त्यांनी कुणी गावाकडची माती आणली असेल, कुणी लोणच्याची बरणी. मी एक ओळ आणली.

अण्णा गेल्यावर शेड शीतलकडे आली. कोल्हापुराबाहेर त्याचं नाव ऐकून लोक बाईच समजतात. पुण्याहून एकदा माझ्या साहेबांनी फोन केला तर विचारलं, "शीतलताई आहेत का?" शीतल म्हणाला, "हायत की. मिशीला तेल लावाय लागल्यात, थांबा." हात अण्णांसारखाच, नियमही तेच. पण काम आटत गेलं. नव्या जीपांचे गिअरबॉक्स कुणी उघडत नाही. बिघडला की अख्खा काढतात, अख्खा बसवतात. वडापही कमी झालं. आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग कुणी जुनी गाडी जपणारा आला तरच मशीन चालू व्हायचं.

मग रणजित आला, एका फाउंड्रीवाल्याचा मुलगा. कोल्हापूरला गाड्या पळवायचं वेड आहे. माळावर मातीचा ट्रॅक आखून शर्यती होतात. रणजितची गाडी जुनी, इंजिन लहान. गिअर आमच्याकडून पाडून घ्यायचे आणि जिंकलं तर बाकीचे पळवणारे रांग लावतील, असा शीतलचा हिशेब. शेड चालू ठेवायला दुसरा रस्ता त्याला दिसत नव्हता, मलाही नाही. दिवाळीला मी लॅपटॉप घेऊन गेलो. तेलाच्या पिंपावर तो ठेवला आणि ट्रॅक शीटमध्ये मांडला.

दुसऱ्या गिअरच्या दोन्ही चाकांचे दात मिळून एकसष्टच बसत होते, गिअरबॉक्सच्या डबीत जागाच तेवढी. एकवीस-चाळीस ठेवले तर वळणातून बाहेर पडताना इंजिन दम सोडत होतं. वीस-एकेचाळीस केले तर वळण सुधारत होतं, पण सरळ रस्त्यावर गिअर लवकर संपत होता. बावीस-एकोणचाळीस केले तर इंजिन वळणातच बसत होतं. तीन रांगा, तिन्ही लाल.

"एक दात हलव की," शीतल म्हणाला.

"हलवला. इकडचं तिकडं गेलं."

"मग मधलं काय तरी घाल."

"अर्धा दात पाडता येत नाही, शीतल."

"तुमच्या पुण्यात पाडत असतील."

मी त्याला सांगितलं, की गिअर ताकद देत नाही, असलेली वाटून देतो. ताकदच कमी आहे. नव्या गाड्यांपुढे ही कुठल्याच रांगेत टिकत नाही. त्यानं तिन्ही लाल रांगांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हंजे आमी तीस वर्षं हितं शेवया पाडत हुतो म्हण." आणि वीस-एकेचाळीसची जोडी पाडायला घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळी, भरपूर ऊन असताना.

शर्यतीला मी गेलो होतो. आठ गाड्यांत आमची सातवी आली. पण गिअरचा आवाज असा, की कडेला उभे असलेले दोन म्हातारे फिटर हसत एकमेकांकडे बघत होते. डबी उघडली तेव्हा दात सगळीकडे सारखे चमकत होते, कुठे ओरखडा नाही. रणजितनं शीतलच्या पाठीवर थाप मारली, "लै भारी काम, भावा," म्हणाला आणि पुढच्या मोसमाला मोठ्या इंजिनाची तयार गाडी घेतली. रांग कुणी लावली नाही. माझं शीट बरोबर निघालं. त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही.

त्याच वर्षी कंपनीत इलेक्ट्रिक गाडीचं शीट माझ्याकडे आलं. गिअरचे पाच रकाने होते तिथे एकच रकाना. सवयीनं मी खाली जोतिबाची ओळ जोडली, वडापचं सोळा माणसांचं वजन टाकलं. सेल हिरवा झाला. एकाच गिअरवर, न थांबता, न बदलता गाडी जोतिबा चढून गेली. मी वजन दीडपट केलं. तरी हिरवाच. काही महिन्यांनी आमचा विभाग मोडला. मला आता वॉरंटीत परत आलेल्या भागांच्या नोंदी तपासायला बसवलंय. पगार तोच आहे. निवृत्तीनंतर शेडमध्ये जाऊन बसायचं, हे मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. सेल हिरवा झाला त्या दिवशी कळलं, की ज्या मशीनकडे परत जायचं होतं ते बंद पाडायच्या कामाला मीही पंचवीस वर्षं हात लावत होतो. कुणाचा दोष नाही यात. पण दोष नसल्यानं हलकं वाटलं, असंही नाही.

गेल्या फेब्रुवारीत शीतलचा फोन आला, "दादा, मशीन निघालं. बघायचं असंल तर ये." बेळगावकडच्या एका व्यापाऱ्यानं घेतलं होतं, भाग सुटे करून विकायला. क्रेन दुपारी तीनला येणार होती. साडेपाच वाजले तरी आली नव्हती. वाट बघत बसलेला शीतल एकदम उठला, कोपऱ्यातलं एक कोरं, दात न पाडलेलं चाक उचललं आणि मशीनवर चढवलं. "एक काढतो. तुला न्ह्याला," म्हणाला. आवळलं, तेल सोडलं, बटणावर बोट ठेवलं. मग पश्चिमेच्या झरोक्यातून वर बघितलं. तसंच बघत राहिला.

चाकाला दीड तास लागतो. दिवस मावळायला तेवढा वेळ नव्हता.

"न्हाय बसत," म्हणाला आणि नट सोडायला लागला.

मी म्हणालो, "आज राहिली रेघ तर राहू दे. कोण बघणार आहे?"

"तू बघशील की," शीतल म्हणाला.

तेवढ्यात क्रेन आली. क्रेनवाला बाहेरूनच ओरडला, "पावणं, आवरा की! मला अजून जयसिंगपूर गाठायचंय." जमिनीतले चार बोल्ट गंजले होते, ते कापावे लागले. मशीन उचललं गेलं तेव्हा शीतल बाहेर नळावर हात धूत होता, धुतलेले हात परत परत धूत होता. आईचा फोन आला, "उन्हं चालली रं, जेवाय या." इकडे पुण्यात मी साडेनऊला जेवतो. त्या वेळेची भूक आता मला लागत नाही, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही जे तिकडे कोल्हापुरातच राहिलात, ते विचारता, परत कधी येणार. मंगळवार पेठेतल्या खोल्या आहेत, आई आहे, शीतल आहे. तो आता एका शोरूममध्ये गाड्या धुऊन झाल्यावर तपासायचं काम करतो, रात्री नऊपर्यंत. दिवस मावळताना तो डबा खाऊन घेतो, उभ्यानंच. माझ्यापुरतं घर म्हणजे आता शेडमध्ये मशीन उभं होतं तो चौकोन. भोवतीची फरशी तेलानं काळी आणि तेवढीच जागा स्वच्छ. तिथे मशीनखाली इतक्या वर्षांत कधी तेल पोचलं नव्हतं. शेड भाड्यानं गेली की तीही पुसली जाईल.

आलेला पैसा शीतलनं आईच्या नावावर ठेवला. क्रेनवाल्याचे अडीच हजार झाले. ते मी दिले. त्यानं मोजले नाहीत, मीच त्याला मोजायला लावले.