शामलाबाईंची जर्मन

आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत शामलाबाई गावंडेंसारखं वाचणारं दुसरं कुणी नाही. पण त्या जर्मन वाचतील असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्यांचा मुलगा सुशील स्टुटगार्टला इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी तो बायको-मुलीला घेऊन आला, तेव्हा सहा वर्षांच्या रेवाला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आजी आणि नात महिनाभर एकमेकींकडे बघून नुसत्या हसल्या. जाताना रेवाची जर्मन पुस्तकं दिवाणाखाली राहून गेली. एका भांडकुदळ बदकिणीच्या गोष्टी होत्या. बाई आधी चित्रं बघत बसल्या. मग ही बया पुढे कुणाशी भांडते ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. मी व्याकरणाचं पुस्तक आणून दिलं, तर म्हणाल्या, "यात बदक कुठं हाय वं प्रीती?"

त्याच गोष्टी फोनवर सापडल्या. बाई ऐकायच्या, सोबत वाचायच्या, अडलं तर पुढे जायच्या. प्रताप नगरची एक मुलगी जर्मन शिकत होती, तिच्याकडून जाड पुस्तकं येऊ लागली. भाजी करपायची आणि बाई एकट्याच खिदळायच्या. हे सगळं रेवाशी बोलायचं म्हणून. दुसरं काही नको होतं त्यांना.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी रेवाला जर्मनमध्ये बदकिणीबद्दल विचारलं. पोरगी किंचाळलीच. दोघी इतक्या बोलल्या की मला, एक अक्षर कळत नसूनही, रडू आलं.

मग सुशील फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. "आई, तिच्याशी जर्मन बोलत जाऊ नकोस. तुझे उच्चार तिच्या तोंडात बसतील. शाळेत हसतात गं."

"मंग मराठी शिकव तिले."

"तेच नकोय मला. पुण्यात मी मले-तुले म्हटलं की अख्खं हॉस्टेल हसायचं. तिचं तसं नको व्हायला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या बोलीत आईनं वाढवलं तिची यानं लाज धरलीच होती, आता आईनं त्याच्या मुलीसाठी शिकलेल्या भाषेचीही! बाई एवढंच म्हणाल्या, "बरं बाबा. पोरीले कोणी हसू नये."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. रेवा भराभर काहीतरी सांगत होती आणि बाई ओठ मिटून बसल्या होत्या. पोरीनं बापाला काही विचारलं. बाप तिच्याशी थोडं बोलला. पोरीनं मान डोलावली.

"काय म्हणून राहिले?" मी हळूच विचारलं.

बाईंनी फोनवरची नजर हलवली नाही. "आजी काहून बोलत नाही, विचारते. त्यानं सांगतलं, आजीले आपली भाषा येत नाही, त्या दिवशीचं पाठ केलं होतं." मग म्हणाल्या, "सगळं समजलं वं मले. एक शब्द नाही अडला."

तिकडे रेवा पडद्याच्या अगदी जवळ आली. आता ती बोलली नाही. बहिऱ्या माणसाला दाखवावं तसं तिनं आधी स्वतःकडे, मग आजीकडे बोट केलं आणि हात हलवला. बाईंनीही हलवला.