फक्की कोणी पुसली

बारावीला असताना मी आमच्या गावातल्या पोरींची ताई झाले. गाव तळोज्याच्या बाजूला आहे. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला नवे टॉवर आणि मध्ये आम्ही. एक संस्था गावोगावच्या कॉलेजातल्या मुली निवडत होती. आठवी-नववीच्या पोरी सरांचं ऐकत नाहीत, आईचं तर नाहीच, पण तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलीचं ऐकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. बेलापूरला एका हॉलमध्ये आम्हाला शिकवलं, टी-शर्ट आणि शिट्टी दिली आणि सांगितलं, गावातल्या पोरींना रोज संध्याकाळी तासभर पळवा, खेळवा.

ते खरंच हवं होतं. आमच्याकडे पोरगी सातवीपर्यंत आट्यापाट्या खेळते. मग एक दिवस आई म्हणते, आता पुरे, आणि पोरगी ओट्यावर बसते ती बसतेच. माझंही तसंच झालं होतं.

देवळामागे गुरचरणाची मोकळी जागा आहे. पहिल्या दिवशी मी तिथे पांढरी फक्की मारून रेघा आखल्या. दुसऱ्या दिवशी गेले तर एक रेघ शिल्लक नाही. वाऱ्याने जातात तशा गेल्या नव्हत्या, कोणीतरी पाणी मारून, पायाने घासून पुसल्या होत्या. परत मारल्या. परत पुसल्या. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना गाठलं.

"आमी नाय हां," त्यांचा कॅप्टन म्हणाला. "तुमी सातला जाता, आमी साडेसातला लाईट लावून खेलतो. आमाला काय टेन्शन?"

त्याच रात्री जेवताना माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाने मला हाक मारली. आम्ही त्यांना मोठे काका म्हणतो. ते ओटीवर बसले होते.

"मना खरा सांग," ते म्हणाले. "कोनी पाठवलाय तुला?"

मी संस्थेचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फक्की मी पुसली."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांच्या तरुणपणी टेप घेऊन माणसं आली होती. शाळा बांधायची म्हणाली, चुन्याने रेघा मारल्या, गावाने त्यांना चहा पाजला. शाळा झाली नाही, शेत मात्र गेलं. आता गावात राहिलेली मोकळी जागा म्हणजे एवढं गुरचरण.

"काका, मी गावातलीच आहे ना?"

"म्हनून तर तुला पाठवलाय. परक्याला आमी उभा केला असता काय?" मग त्यांनी विचारलं, "रोज फोटो काढतेस, त्याच्यात नकाशा कशाला येतो?"

संस्थेने आम्हाला फोनवर एक ॲप दिलं होतं. त्यातून फोटो काढला की खाली जागेचा नकाशा आणि अक्षांश-रेखांशाचे आकडे उमटायचे. मी ते रोज संस्थेच्या सरांना पाठवत होते. कशाला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री पाठवलेले फोटो परत बघितले. पोरी कोपऱ्यात, बारीक. मैदान मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ. सरांनीच सांगितलं होतं, लांबून काढ, सगळी जागा दिसली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. सर म्हणजे तिशीतला, गोड बोलणारा माणूस.

"अगं, सेशन झालं हे दाखवायला लागतं," ते म्हणाले. "वरून मागतात."

"वर कोण?"

"तू एवढे प्रश्न का विचारतेस? बाकीच्या मुली नाही विचारत."

साधं उत्तर दिलं असतं तर माझा विश्वास बसला असता.

पोरींचं चालूच होतं. रेघांऐवजी आम्ही चपला ठेवायला लागलो. पहिल्यांदा पोरी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच होत्या. त्यात मोठ्या काकांची नात, नववीतली. नात्याने मी तिची आत्या, पण इतक्या जवळच्या वयाची आत्या कोण म्हणणार? ती ताईच म्हणायची. ती आजोबांची नजर चुकवून यायची आणि कडेला उभी राहायची. पळायची नाही. एक दिवस तिने सरळ विचारलं, "तुला ह्यातनं काय मिळतं?"

मी म्हटलं, "टी-शर्ट. आणि बेलापूरला जायचं-यायचं भाडं."

तिचा चेहरा सैल झाला. "मग ठीक. मला वाटलं फुकट करतेस." आणि ती पळायला लागली.

त्यानंतर मी फोटो जवळून काढायला लागले. पायांचे, घामेजलेल्या चेहऱ्यांचे. मैदान दिसणार नाही असे. सरांचा फोन आला, हे चालणार नाहीत. मी म्हटलं, माझा फोन खराब झालाय. आठवड्याभरात सर स्वतः गावात आले. पांढऱ्या गाडीतून. बरोबर इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस होता, त्याची ओळख त्यांनी "आमचे साहेब" एवढीच करून दिली.

मोठे काका त्या दिवशी मैदानाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. नातीची चोरी त्यांना कळली होती. तिला ते ओरडले नव्हते, नुसते पहाऱ्याला येऊन बसले होते.

मी पोरींना उभं केलं, शिट्टी मारली. पोरी पळत होत्या आणि साहेब पाठ करून उभे होते. ते मेट्रोच्या खांबांकडे बघत होते, मग रस्त्याकडे, मग परत जागेकडे.

"ही जागा कोणाची?" त्यांनी विचारलं.

"आमची," काका म्हणाले.

"तसं नाही आजोबा. कागदावर कोणाची?"

काका खुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. "तुमी पोरी बगायला आलाव ना? पोरी तिकडं हायत. तिकडं बगा."

साहेबांनी मान वळवून पोरींकडे बघितलं. दोघं चहा न घेता गेले. नंतर सर मला म्हणाले, साहेबांना तिथे गोलपोस्ट लावून द्यायचे होते, म्हणून परवानगी कोणाची घ्यायची हे विचारलं. असेलही. पण गोलपोस्ट आले नाहीत. पुढच्या महिन्यात संस्थेने कळवलं की आमच्या गावातला उपक्रम बंद करत आहोत. कारण दिलं नाही. मी ते ॲप काढून टाकलं, पोरींना पळवणं मात्र सोडलं नाही. आजही त्या साहेबांबद्दल मला ठामपणे काही सांगता येत नाही, आणि हेच जास्त टोचतं.

काका मात्र खुर्चीवरून हटले नाहीत. रोज संध्याकाळी जागेवर नजर ठेवायला यायचे. त्याचा भलताच परिणाम झाला. घरोघरच्या बायांनी बघितलं, म्हातारा बसलेला असतो, मग पोरी पाठवायला काय हरकत आहे? पोरी वाढत गेल्या. काकांना याचा पत्ताही नव्हता, त्यांचं लक्ष रस्त्यावरच्या गाड्यांकडे.

आणि मग संशय माझ्यावर आला. शेजारच्या काकूंनी मला किराणा दुकानापाशी अडवलं. त्यांची मुलगी आठवीत होती.

"आता तर तुला कोन काय देत नाय. मग कशाला येतेस रोज? लग्नाचं काय ठरतंय का? कोन मुलगा येतो का तिकडं?"

मला राग आला. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं तर त्या भांडायला आल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, मलाच पळायचं असतं. एकटी पळाले तर गाव काय म्हणेल? पोरी असल्या की मला पळता येतं."

हे मी तोपर्यंत स्वतःशीही बोलले नव्हते. काकूंनी किराण्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "माझीला दम लागतो. हलू घे तिला."

मी आता बेलापूरला एका वकिलाच्या ऑफिसात आहे. पोरींना आता काकांची नात पळवते. गेल्या रविवारी गेले होते. पोरींमधल्या अर्ध्या मला ओळखत नव्हत्या, दोघींनी तर 'ही कोण' म्हणून तिला बाजूला नेऊन विचारलं. मी चपला काढल्या आणि त्यांच्या मागे पळाले. दुसऱ्या फेरीलाच पोटात कळ आली. काकांची नात थांबली, माझा श्वास जागेवर येईपर्यंत शेजारी चालत राहिली, आणि पुढच्या पोरींना ओरडून म्हणाली, "बगताय काय? पला!"