भाषणातला भाऊ

नेदरलंड्समध्ये, उइटहॉर्नला आमच्या शेजारी एक ज्यू आजी राहतात. ऐंशीला टेकल्यात, कान शाबूत आणि जीभ तर फारच शाबूत. त्यांचा थोरला भाऊ विशीत इस्रायलला गेला, किबुत्झ उभारायला. म्हणजे ओसाड माळावर सगळ्यांनी मिळून कसायची शेतवस्ती. तिथेच सैन्यात सेवेत असताना वारला. त्याच्या इथल्या जुन्या ज्यू युवक मंडळातले लोक दरवर्षी स्मरणसभा घेतात. आजी मला अगत्याने बरोबर नेतात, कारण गाडी माझी असते.

सभेत तो दरवर्षी थोडा वाढायचा. पहिल्या वर्षी त्याने संत्र्याची बाग लावली होती, तिसऱ्या वर्षी अख्खं वाळवंट फुलवलं. परतताना आजी गाडीत फणफणायच्या.

"बाग कसली डोंबलाची! गाईंना घाबरायचा तो. भांडी घासायला बसवलं होतं त्याला. आणि गेला जीप उलटून. येत नसताना चालवायला घेतली, दुसरं काय!"

"आजी, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हो."

"मग कोणाबद्दल बोलू? त्या भाषणातल्याला मी ओळखत नाही. खरा फक्त माझ्याकडे आहे. मी गेले की तोही संपला."

मला भरून आलं. आणि भरून आलं की मी हमखास नको ते करते. पुण्याहून येताना चंदनाचा हार आणला, आपल्याकडे गेलेल्यांच्या फोटोला घालतात तसा, आणि आजींच्या दिवाणखान्यातल्या त्याच्या फोटोला हात जोडून घातला. फोटोत त्याच्या खांद्यावर एक चिमुरडी बसली होती.

"ही कोण हो?" मी विचारलं.

"मी."

अगं बाई! धडधडीत जिवंत बाईच्या फोटोला हार! मी तो ओरबाडून काढला, चारदा माफी मागितली आणि कारण सांगितलं. आजी हसून हसून खोकायला लागल्या. "राहू दे की," म्हणाल्या, "तुझी पुढची खेप वाचेल."

गेल्या हिवाळ्यापासून आजींना विसरायला होतं. यंदा सभेहून परतताना त्या फणफणल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "केवढं काम केलं, नाही का, त्याने? वाळवंट फुलवलं."

मी गाडी कडेला घेतली. सभ्य माणसाने बोलू नये ते मी बोलले, तेही त्यांच्याच तोंडून कधीतरी ऐकलेलं.

"आजी, तुमच्या पावावरचे चॉकलेटचे दाणे चाटून खायचा तो. आणि आईला सांगायचा, हिनेच सांडले म्हणून."

आजींचा चेहरा लालबुंद झाला.

"रोज!" त्या म्हणाल्या. "रोज खायचा लबाड, आणि बोलणी मला! येऊ दे आज घरी. बघतेच त्याच्याकडे."

काय करणार? मी म्हटलं, "येऊ दे."