झाकण आदळलं तेव्हा

माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट पुरतं वळत नाही. कार्यक्रमानंतर कुणाच्या लक्षात आलंच, तर मी सांगते, पियानोचं झाकण पडलं. खरं तर ते पडलं नव्हतं. एका माणसानं आदळलं होतं.

मी पियानोवर गाण्याला साथ करते. जर्मन, फ्रेंच कवितांवर तिकडच्या संगीतकारांनी रचलेली, एक गळा आणि एक पियानो एवढ्यांसाठीच असलेली गाणी हे माझं क्षेत्र. वडील लखनौत रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनियर होते. निवृत्तीनंतर मानक नगरजवळच घर केलं आणि आम्ही इथलेच झालो. एका शाळेत पियानो शिकवायचा आणि कार्यक्रम असला की चारबाग स्टेशनवरून दिल्लीची नाहीतर कोलकात्याची गाडी धरायची, असं माझं आयुष्य.

माझी गायिका मला त्या शाळेतच भेटली. तिथं ती गाणं शिकवायची. माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला दीदी म्हणायचे. साथ करणाऱ्याचं निम्मं काम गाणाऱ्याचा श्वास ऐकणं हे असतं. एका हिवाळ्यात दीदीचा श्वास तुटायला लागला. लांब ओळ ती मध्येच सोडून द्यायची.

"सर्दी है क्या, दीदी?" मी विचारलं.

"पसली में लगी है. उन्होंने लात मारी," ती म्हणाली आणि कागद उलटला. "चल, ऊपर से लेते हैं."

मला पुढे वाजवताच येईना. तिचा नवरा मला माहीत होता. बांधकामाची कंत्राटं घ्यायचा, शाळेच्या समारंभात सगळ्यांशी हात जोडून बोलायचा, मला 'बहनजी' म्हणायचा. त्या दिवसापासून मी तिच्या मानेकडे, मनगटांकडे बघायला लागले. बघण्यासारखं पुष्कळ होतं.

दिल्लीत आमचा कार्यक्रम ठरला होता. दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही हॉलमध्ये तालीम करत होतो. गाणं चालू असतानाच तो आत आला.

"बहुत हुआ गाना-बजाना. घर चलो."

"गाना पूरा करके आती हूँ," दीदी म्हणाली. "और परसों दिल्ली जा रही हूँ."

त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं पियानोच्या कडेवर आपटलं. आतल्या तारा एकदम घुमल्या. मी उठले, डावा हात पट्ट्यांवर टेकला आणि उजव्यानं त्याची बाही धरली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि झाकण दोन्ही हातांनी खाली आदळलं.

हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. वेदना नंतर आली. उजव्या हातानं झाकण उचलून मी डावा सोडवला आणि स्टुलावर बसले. पांढऱ्या पट्ट्यांवरून माझं रक्त घसरत काळ्या पट्ट्यांमधल्या फटींत उतरत होतं.

दीदीच्या कपाळातूनही रक्त येत होतं. तिनं समोरचं लोखंडी स्टँड उचललं. त्यावरचे गाण्याचे कागद जमिनीवर पसरले. पहिला घाव त्याच्या कानाच्या वर बसला, दुसरा खांद्यावर. तो गुडघ्यांवर आला तरी ती मारतच होती. तोंडातून शब्द नाही, नुसता श्वास. चौकीदारानं धावत येऊन मागून धरलं नसतं तर ती थांबली नसती.

डोक्याला टाके घालून घेऊन त्यानं आमच्याच विरुद्ध तक्रार दिली. ठाण्यात दारोगा मला म्हणाले, "मियाँ-बीवी का मामला है, मैडम. आप बीच में क्यों आईं?"

प्लास्टरचा हात मी त्यांच्या टेबलावर ठेवला. "मैं बीच में नहीं आई. मैं वहाँ काम कर रही थी."

त्यांनी चहा मागवला. आमची तक्रार मात्र लिहून घेतली नाही.

दीदीला मी घरी घेऊन आले. माझा हात बघून आई भडकली. "कुणी सांगितलं होतं तुला मध्ये पडायला? हाताचं वाटोळं करून घेतलंस!" बोलता बोलता ती आतल्या खोलीत दीदीसाठी गादी घालत होती. मग दीदीकडे वळून म्हणाली, "बेटी, तुम इधरच रहो. वो आने दो, मैं देखती." इतकी वर्षं लखनौत काढूनही आईची हिंदी होती तशीच होती.

आणि तो आलाच. फाटकाला लाथा घालून झाल्यावर त्यानं एक वीट स्वयंपाकघराच्या खिडकीवर भिरकावली. आई कणीक मळत होती. परातभर काचा झाल्या, तिच्या गालावर एक उभी चीर पडली. वडील फोनकडे धावले. आईनं तीच वीट उचलली, अंगणात गेली आणि त्याच्या गाडीच्या समोरच्या काचेवर फेकली. तो आईच्या अंगावर धावून आला तेव्हा शेजारपाजारचे सगळे बाहेर पडले होते. त्यांनी त्याला खाली पाडलं आणि पोलिस येईपर्यंत चोपलं. माझी बोटं धड असती तर मीही गेले असते. ह्या वेळी साक्षीला शेजारची रेल्वे अधिकाऱ्यांची घरं होती, त्यामुळे तक्रार लिहिली गेली.

घटस्फोट मिळाला. मारहाणीची केस अजून तारखांवर चालू आहे. आम्ही दोघी जातो, तोही येतो, बाकावर समोरासमोर बसतो. अजूनही त्याचा हात खिशाकडे गेला की मी डावा हात मागे घेते.

दीदी आता दिल्लीत असते. डॉक्टर म्हणाले होते, माझा हात पूर्वीइतका पसरणार नाही. ते खरं झालं. काही स्वर मी उजव्या हाताकडे दिले, काही सोडून दिले. लांबलांबचे स्वर एकदम दाबायच्या जागा आल्या की हात पेटतो, आणि त्या रागानंच मी त्या वाजवते.

गेल्या महिन्यात तिच्या घरी तालीम करताना तिनं मध्येच गाणं तोडलं.

"इतना तेज़ क्यों भाग रही हो? मेरी साँस का क्या?" ती माझ्यावर ओरडली. "फिर से!"

"तुम लय को लटका रही हो, दीदी," मीही ओरडले.

खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली. आम्ही भांडत राहिलो. शेवटी लय तिनं म्हटली तीच ठरली.