लेहला वाजणारं मीठ

ऐन एप्रिलात पनवेलच्या बाजारात लोकरीचे मोजे मागणारा माणूस मीच. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग छतावरच्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, डिसेंबरात या." मी त्याला समजावत होतो, की बाबा रे, आम्ही लडाखला निघालोय, तिकडे जूनमध्येसुद्धा बोटं गारठतात, मोजे भिजले तर बदलायला दुसरे नकोत का... आणि तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर 'ताई'. जेवणाच्या वेळेला तिचा फोन यायचाच. "गजा, जेवलास का?" एवढं विचारायचं आणि ठेवून द्यायचं, ही तिची रोजची रीत. मी नेहमीसारखाच वैतागून म्हणालो, "हो गं, घरी जाऊन जेवतो, बाजारात आहे." पलीकडून आला तो भावजींच्या जुन्या दोस्ताचा, हमीदभाईंचा आवाज... "गजाननभाऊ, भाभींकडे या. घाई करू नका, सावकाश या." हमीदभाईंनी आयुष्यात मला कधी सावकाश या म्हटलेलं नाही. मोजे काउंटरवर तसेच टाकून मी रिक्षा शोधायला धावलो.

ताई जेवून, हात धुऊन, खुर्चीत टेकली होती. तिथेच गेली. मी पोहोचलो तेव्हा पंखा चालू होता आणि समोरच्या टीपॉयवर लडाखचा नकाशा, त्यावर चष्मा. इतके महिने मी ज्या ज्या जागी तिला काहीतरी होईल म्हणून झुरत होतो त्या सगळ्या जागा त्या नकाशावर होत्या. तिचं कळंबोलीतलं घर त्यात नव्हतं.

मी काळजी करणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरातून निघताना गॅस दोनदा बघतो, अर्ध्या वाटेवरून परत येऊन तिसऱ्यांदा बघतो. माझी बायको नीला म्हणते, की यांना स्वर्गात नेलं तर हे आधी तिथला जिना तपासतील. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आणि अगदी उलट्या घडणीची. आमचं गाव खाडीच्या काठावरचं, वडलांचं मिठागर. उन्हात मीठ ओढताना तळपायाला चिरा पडायच्या, मी रडायचो, ती तशीच चालत राहायची. लग्न होऊन ती कळंबोलीत गेली. भावजींचा ट्रकचा धंदा होता, लोखंड बाजारातून माल भरायचा आणि देशभर पाठवायचा. भावजी अचानक गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही गाड्या विकणार. दिवसकार्य उरकलं आणि ही ऑफिसात जाऊन त्यांच्या खुर्चीत बसली. सुरुवातीला ड्रायव्हर बाहेर उभे राहून एकमेकांकडे बघायचे. पण वाटेत असलेल्या प्रत्येकाला रोज जेवणाच्या वेळेला फोन करून "कुठं पोचलास? जेवलास का?" विचारणारा मालक त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. हळूहळू सगळ्यांची ती ताई झाली.

आणि तिची एक रीत होती. गाडी निघायची झाली की ती केबिनमध्ये एक पुरचुंडी बांधायची. तांबड्या फडक्यात मूठभर खडेमीठ, आमच्याच मिठागराचं. मिठागर केव्हाच गेलं, तिथे आता रस्ते आणि इमारती आहेत. पण शेवटच्या मोसमाची एक गोणी तिने माळ्यावर राखून ठेवली होती. दृष्ट लागू नये म्हणून, असं ती म्हणायची. आपल्याकडच्या हवेत मीठ सदा पाझरतं. पुरचुंडी हाताला नेहमी ओलसर लागायची, केबिनच्या पत्र्यावर पांढरे ओघळ यायचे आणि ड्रायव्हर कुरकुर करायचे. मग एका उन्हाळ्यात पुलाचं लोखंड घेऊन लेहला गेलेला एक ड्रायव्हर परत आला आणि सांगू लागला, "ताई, तुमचं मीठ तिकडं वाजतं. हवा एवढी कोरडी, की पुरचुंडी हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजते!" ताईने हे मला त्या दिवशी फोनवर सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, आणि पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली. आपल्या बापाचं मीठ कोरडं होऊन वाजतं, हे तिला एकदा स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी, भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर तिने जाहीर केलं. "गजा, मी लेहला जाणार. तिथून पुढं, जिथवर आपल्यासारख्यांना सोडतात तिथवर. हॉटेलात नाय राहायचं. मागं आपलं घर जोडून न्यायचं." मला आधी समजेचना. हमीदभाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला, मोटारीमागे जोडलेली चाकांवरची खोली. हमीदभाई हे पनवेलचेच, भावजींचे दोस्त. बरीच वर्षं आखातात वर्कशॉपमध्ये काढून परत आलेले. तिथे असे ट्रेलर त्यांनी दुरुस्त केले होते. "भाभी, इन्शाल्ला, असा एक मी इथंच बनवतो," ते म्हणाले. दोन मोटारी, एक हमीदभाई चालवणार आणि एक, ट्रेलर जोडलेली, ताई; माणसं चार: ताई, हमीदभाई, नीला आणि मी. मी घाबरून विचारलं, "आणि रस्त्यात बिघडली तर?" ताई हसली. "म्हणून तर तुला नेतोय. काय काय बिघडेल ते तू आधीच सांगशील." तेव्हापासून दर रविवारी बैठक. मी एकेक भीती बोलायची आणि हमीदभाईंनी तिच्यावर उपाय शोधायचा. पाणी गोठलं तर? दम लागला तर? दरड कोसळली तर? हमीदभाई शेवटी कपाळाला हात लावायचे, "भाऊ, तुम्ही दुवा कमी आणि दहशत जास्त देता."

पण सगळ्यात मोठी चूक झाली तेव्हा मला तिची शंकासुद्धा आली नाही. ट्रेलरला पत्रा कुठला लावायचा, यावर बोलणं निघालं. हमीदभाई म्हणत होते, हलका घ्या. ताईचं डोकं तापलं, आणि तापली की तिच्या तोंडून गावची भाषा यायची. "हलका? आख्खं जग लोखंड न्यायला कळंबोलीत येतं, न् आमी कळंबोलीत राहून पातळ पत्रा लावायचा? लोक काय म्हणतील?" जाड पत्रा म्हटल्यावर मला तर हायसंच वाटलं, दरडीचा दगड आला तरी आत काही होणार नाही. तेव्हा ट्रकला लावतात तसा पत्रा, त्याच्याखाली तसेच जाड लोखंडी चॅनेल, दाराला तिजोरीसारखी कडी. तयार झाल्यावर हमीदभाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि एवढंच म्हणाले, "माशाल्ला, मजबूत आहे."

गेल्या वर्षी निघायच्या आधी, चाचणी म्हणून आम्ही तो घेऊन खोपोलीवरून जुन्या रस्त्याने बोरघाटात चढायला लागलो. दोन वळणं नीट गेली. तिसऱ्यावर मोटार धापा टाकायला लागली, जळका वास सुटला आणि मग ती उभीच राहिली. मागे ट्रकांची रांग. मी आत रामरक्षा म्हणत होतो. हमीदभाईंनी चाकामागे दगड लावले आणि आमची ताई, सलवार-कमीज घालून, ओढणी हवेत फिरवत भर घाटात वाहतूक वळवत होती! ट्रकवाले थांबून बघायचे. त्यातला एक ओरडला, "ताई, तुम्ही इथं?" तिच्याच धंद्यातला ट्रक होता. त्या ड्रायव्हरने आम्हाला दोर लावून वरपर्यंत ओढत नेलं आणि वर पोहोचल्यावर तिच्यासमोर हात जोडून, हसू दाबत विचारलं, "ताई, कुठं पोचलात? जेवलात का?" ताई इतकी हसली, इतकी हसली, की तिला रस्त्याच्या कठड्यावर बसावं लागलं. बसली ती बराच वेळ उठली नाही. हात छातीवर होता. मला वाटलं हसण्याने... हमीदभाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझं हसू थांबलं.

ट्रेलर उघडून, सगळा पत्रा काढून, पुन्हा हलका बांधायचा म्हणजे काही दिवसांचं काम नव्हतं. तोवर इथे पाऊस, पाठोपाठ तिकडे बर्फ. तो मोसम हातचा गेला. "पुढच्या वर्षी," ताई म्हणाली. आता लिहिताना वाटतं, तो पत्रा आधीच हलका असता तर ती जाऊन आली असती. ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जाणारही नाही.

हिवाळ्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं, की हृदय दमलेलं आहे, फार उंचीवर जाणं धोक्याचं. तिने हे लपवलं नाही. रविवारच्या बैठकीत चहाचा कप खाली ठेवून, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पुण्याहून तिच्या मुलीचा, प्राचीचा फोन यायचा, "मामा, ती फक्त तुझं ऐकते. तू नाही म्हण." ती माझं ऐकते हा प्राचीचा गोड गैरसमज होता, पण मी हिय्या करून गेलो. ताई पुरचुंडीला टाके घालत होती. मी सगळं पाठ करून गेलेलं बोललो. दम लागेल, दवाखाना लांब, रात्री-बेरात्री काही झालं तर आम्ही काय करायचं, प्राचीला कोणत्या तोंडाने सांगायचं... तिने दोरा दाताने तोडला. "गजा, इथं खाली समुद्रालगत माणसं मरत नाय काय रं?" मी म्हणालो, "मरतात. पण तू मरू नकोस." तिने माझ्या पाठीवर हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. "सावकाश जाऊ. प्रत्येक ठिकाणी थांबत जाऊ. सिलिंडर घेऊ. डॉक्टर वाटेत नको म्हणाला तर तिथून परत फिरू, बापाची शप्पथ. पण निघू तरी दे मला. आयुष्यभर गाड्या सोडल्या मी, स्वतः एकदा पण सुटले नाय." मी नाही म्हणू शकलो नाही. घरी येऊन नीलाला म्हणालो, की मोज्यांचं बघायला हवं.

ताईचं दिवसकार्य झालं. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, की सहल रद्द. येणारा-जाणारा ट्रेलरकडे बघून सुचवायचा, याची चहाची टपरी छान होईल, वडापावची गाडी छान होईल. मीही मनातून सुटलो होतो, हे खोटं कशाला बोलू? आता घाट नाही, बर्फ नाही, सिलिंडर नाही. काही होण्यासारखं होतं ते होऊन गेलं होतं. मग एके दिवशी प्राची म्हणाली, "मामा, ट्रेलरमधलं आईचं सामान काढून देतोस? मला आत जाववत नाही." मी गेलो. आत अजून सुकटीचा वास. आम्ही शिरढोणच्या एका शेतावर रंगीत तालीम केली होती तेव्हा तिने आत सुकट परतली होती आणि हमीदभाई म्हणाले होते, "भाभी, हा वास आता काश्मीरपर्यंत येणार." तिचं जाडं पांघरूण, तिचा थर्मास, आणि दाराशी खिळ्याला पुरचुंडी. तिनेच टाके घातलेली, मी नको नको म्हणत समोर बसलो होतो त्या दिवशीची. हातात घेतली तर चिंब ओली. खाली प्लायवूडवर मिठाचा पांढरा ओघळ पार जमिनीपर्यंत आला होता. मी ती कानाशी धरून हलवली. का, मला माहीत नाही. काहीच वाजलं नाही. आणि मी तिथे, त्या फळकुटावर बसून, लहान पोरासारखा रडलो.

बाहेर आलो तो सामान न घेताच. हमीदभाई पायरीवर बसले होते. मी विचारलं, "ताईची मोटार कोण चालवणार?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमच्याकडं लायसन्स आहे." मी घाटात कधी गाडी चालवलेली नाही. मला उंचीची भीती वाटते, बोगद्याची वाटते, समोरून येणाऱ्या बसची वाटते. हे सगळं मी त्यांना पुन्हा एकदा, सविस्तर सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. निघायचं कधी?"

प्राचीला सांगितलं. ती म्हणाली, की ती मनालीपासून आमच्याबरोबर येईल, आईच्या जागी. गेले पंधरा दिवस मी पहाटे रिकाम्या रस्त्यावर ट्रेलर जोडून सराव करतो आहे. हमीदभाई शेजारी बसून पुटपुटत असतात, दुवा की शिव्या, ते मी विचारलेलं नाही. मोजे घेतले, त्याच दुकानातून. जेवणाच्या वेळेला अजून माझा हात फोनकडे जातो. काल तो खरंच वाजला. हमीदभाई होते, थोडे संकोचून. "गजाननभाऊ... जेवलात का?"

आज सकाळी निघायच्या आधीचं सगळं तिसऱ्यांदा तपासलं. टायर, दोर, सिलिंडर, गॅस. सगळ्यात शेवटी दारापाशी थांबून पुरचुंडी कानाशी हलवून पाहिली. अजून ओलीच आहे. सोमवारी निघतो आहोत.